तर्जनी : १४ टक्के

कामगाराच्या बोटांचे दर आपल्याकडे कायद्यात छापलेले आहेत. १९२३ च्या भरपाई कायद्याला जोडलेल्या पहिल्या अनुसूचीत ते कोष्टक सापडतं. अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के गेली असं धरायचं. अख्खी तर्जनी गेली तर १४ टक्के. तिची दोन पेरं गेली तर ११, एकच पेर गेलं तर ९, आणि हाड शाबूत राहून नुसतं टोक उडालं तर ५. मधल्या बोटाचे १२, अनामिका किंवा करंगळीचे ७. एका हाताची चारही बोटं गेली तर ५०. या कायद्याची जागा घेण्यासाठी २०२० साली केलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हे कोष्टक आहे.

टक्क्यांचे रुपये कसे होतात तेही पाहू. महिन्याचा पगार घ्यायचा, पण तो कितीही असला तरी २०२० पासून १५,००० रुपयांच्या वर धरायचा नाही. त्याचे ६० टक्के म्हणजे ९,०००. त्याला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणायचं. तीस वर्षांच्या माणसासाठी तो २०७.९८ आहे. गुणाकार होतो १८,७१,८२०. त्याचे १४ टक्के काढले की तर्जनीची किंमत हाती येते : दोन लाख बासष्ट हजार. पुण्या-मुंबईत दिवसाला हजार रुपये मिळवणारा कुशल सुतार महिन्याला पंचवीस हजारांच्या घरात जातो. तरी त्याचं बोट पंधरा हजारांवरच मोजलं जाणार. आणि हेसुद्धा तो कुणाचा तरी नोकर आहे असं कागदावर दाखवता आलं तरच.

लाकूड चिरायचं टेबल सॉ घ्यायला निघालेल्या प्रत्येकाने हा हिशेब आधी करावा असं मला वाटतं, कारण दुकानात तो कुणी करून देत नाही. तिथे बोलणं होतं ते मोटर किती वॉटची, पातं किती इंचाचं, वॉरंटी किती महिन्यांची आणि शेवटचा भाव काय, यावर. पात्यावर बसवायचं झाकण, म्हणजे गार्ड, खोक्याच्या तळाशी वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत असतं. बऱ्याच कारखान्यांत ते त्या पिशवीतून कधी बाहेरच येत नाही. भिंतीवरच्या खिळ्याला पिशवीसकट लटकलेलं गार्ड मी पाहिलं आहे, वर भुश्याचा थर चढलेला.

यंत्र दिसायला साधं. सपाट टेबल, त्याच्या फटीतून वर आलेलं गोल पातं, बाजूला सरकती गाईड पट्टी. हातकरवतीत लाकूड स्थिर राहतं आणि करवत पुढे-मागे सरकते. इथे पातं जागच्या जागी फिरतं आणि माणूस लाकूड हाताने त्याच्याकडे ढकलतो. सगळा धोका या ढकलण्यात आहे. दहा इंची, चाळीस दाती पातं मिनिटाला ४,८०० फेरे घेत असेल तर सेकंदाला ३,२०० दात एका जागेवरून जातात. बोटाला काही लागलं हे कळून हात मागे घ्यायला माणसाला साधारण सेकंदाचा पाचवा भाग लागतो. तेवढ्यात सहाशेहून जास्त दात येऊन गेलेले असतात. ‘मी सावध असतो’ हे वाक्य प्रत्येक सुताराच्या तोंडी ऐकायला मिळतं, आणि बहुतेक जण खरंच सावध असतात. सावधपणाचा वेग मात्र एवढाच आहे.

आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी विकत घेतलेलं टेबल सॉ नसतंच. फ्लॅटचं इंटिरियर चालू असताना एकदा आत डोकावून पाहा. पुण्याच्या एका उपनगरातल्या सातव्या मजल्यावरच्या दिवाणखान्यात मी पाहिलं ते असं : दोन घोड्यांवर १८ मिलिमीटर प्लायचा तुकडा टाकलेला. त्याला मधोमध चीर. खालून मार्बल कटर उलटा धरून स्क्रूने आवळलेला. फरशी कापायचं हे यंत्र मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे घेतं; त्याला लाकूड कापायचं दातेरी पातं लावलेलं. ते इंचभर वर आलेलं, त्यावर काहीही नाही. गाईड म्हणून प्लायचीच एक सरळ पट्टी, दोन स्क्रूंवर. कटरचं बटण दाबून टेपने गुंडाळून टाकलेलं, त्यामुळे यंत्र चालू-बंद करायचं ते भिंतीवरच्या बोर्डावरून. तो बोर्ड मिस्त्रींपासून चार पावलांवर. काही झालं तर “बंद कर रे!” म्हणून ओरडायचं आणि हेल्परने धावायचं. हेल्परच्या कानात त्या वेळी इअरफोन होता.

मिस्त्री सागवानाची बिडिंग पट्टी चिरत होते. पट्टी बोटभर रुंद, आणि शेवटचा वीतभर भाग ते अंगठ्याने पुढे सारत होते. उजव्या तर्जनीचं टोकाचं पेर नव्हतं. विचारलं तेव्हा हात पुढे करून दाखवला.

“चार वर्षं झाली दादा. अशीच पट्टी होती. लाकूड आवळलं, झटका आला, हात आत ओढला गेला.”

“ठेकेदाराने काय दिलं?”

“दवाखान्याचं बिल दिलं. पंधरा दिवसांची हजेरी दिली. चांगला माणूस आहे.”

एक पेर, ९ टक्के. तीस वर्षांच्या माणसाचे त्याच हिशेबाप्रमाणे एक लाख अडुसष्ट हजार होतात. हे मी त्यांना सांगितलं. ते थोडं हसले आणि पुढची पट्टी घेतली.

नवं यंत्र का घेत नाही, या प्रश्नावर त्यांनी जे सांगितलं ते मला फार मोलाचं वाटतं, कारण किमतीचा विचार आपण खोक्यावरच्या आकड्यापुरता करतो. कटर तीन-चार हजारांना मिळतो. नावाजलेल्या कंपनीचं उचलून नेता येईल असं टेबल सॉ चाळीस ते साठ हजारांच्या दरम्यान पडतं. पण मिस्त्रींनी आधी किंमत काढलीच नाही. ते म्हणाले, “पंचवीस-तीस किलोचं धूड. सोसायटी लिफ्ट देत नाही. साईट बदलली की टेम्पो करायचा. रात्री राहतं कुठे? चोरीला गेलं तर? कटर पिशवीत टाकला की निघालो.” हत्यारं सुताराने स्वतःची आणायची ही आपल्या धंद्याची रीत. म्हणजे यंत्राचे पैसे, ओझं, चोरीची जोखीम आणि बोट, चारही एकाच माणसाच्या अंगावर. स्क्वेअर फुटाच्या दराने काम लवकर उरकल्याचा फायदा मात्र ठेकेदार आणि घरमालक यांच्यात वाटला जातो.

अमेरिकेत हाच वाद मोठ्या पैशांनिशी लढला गेला, आणि त्यातून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. ओरेगॉन राज्यातला स्टीफन गॅस हा पेटंटचा वकील. भौतिकशास्त्रात डॉक्टरेट आणि फावल्या वेळात सुतारकाम. १९९९ मध्ये त्याच्या डोक्यात आलं, की पात्याला बोट लागलेलं पात्यालाच कळायला हवं. माणसाच्या शरीरात विद्युतभार सामावतो, लाकडात तो फारसा सामावत नाही. मोबाईलच्या काचेला बोट कळतं ते याच गुणामुळे. गॅसने पात्यातून एक बारीकसा विद्युतसंकेत खेळता ठेवला. बोट लागताच तो संकेत ढासळतो. दाबून धरलेली एक स्प्रिंग बारीक तारेने अडवलेली असते. त्या क्षणी ती तार वितळवली जाते, स्प्रिंग सुटते आणि ॲल्युमिनियमचा एक ठोकळा पात्याच्या दातांत घुसतो. पातं जागीच अडकतं आणि त्याच्याच झोताने टेबलाखाली बुडतं. हे सगळं सुमारे पाच मिलिसेकंदांत होतं. बोटाला खरचटतं, फार तर टाके पडतात.

प्रात्यक्षिकासाठी तो सॉसेज वापरायचा. पुढे टीव्हीच्या एका कार्यक्रमात त्याने स्वतःचं बोट लावून दाखवलं. मोठ्या कंपन्यांचे दरवाजे त्याने ठोठावले, विक्रीच्या आठ टक्क्यांपर्यंत रॉयल्टी मागितली. एका कंपनीशी करार अगदी सहीपर्यंत आला आणि तिथेच राहिला. शेवटी त्याने आणि त्याच्या वकील मित्रांनी ‘सॉस्टॉप’ ही स्वतःची कंपनी काढली, आणि २००४ मध्ये त्यांचं पहिलं यंत्र बाजारात आलं. २००३ मध्येच त्यांनी अमेरिकेच्या ग्राहकसुरक्षा आयोगाकडे अर्ज केला होता, की अशी यंत्रणा प्रत्येक टेबल सॉवर सक्तीची करा.

आयोगाचे आकडे हादरवणारे आहेत. २०१५ या एका वर्षात अमेरिकेत टेबल सॉमुळे जखमी होऊन सुमारे ३३,४०० माणसं रुग्णालयांच्या तातडीच्या विभागात गेली. त्यातल्या ९२ टक्क्यांना पातं लागलं होतं. अवयव तुटण्याचे प्रकार सुमारे ४,७००, म्हणजे रोज बारा-तेरा. तरीही २०११ ची प्राथमिक सूचना, २०१७ चा प्रस्ताव, २०२३ चा सुधारित प्रस्ताव अशी दोन दशकं गेली आणि सक्तीचा नियम काही झाला नाही. यंत्र बनवणाऱ्यांचं म्हणणं होतं, की स्वस्त यंत्र दुपटीने महागेल, गरीब कारागीर ते घेऊ शकणार नाही, आणि सरकार एकाच कंपनीच्या पेटंटची तिजोरी भरेल. शेवटचा मुद्दा मला पोकळ वाटत नाही. बॉश कंपनीने २०१६ मध्ये वेगळ्या रीतीचं यंत्र विक्रीला आणलं. त्यात वायूच्या छोट्या काडतुसाने पातं खाली खेचलं जायचं आणि पात्याला धक्काही लागायचा नाही. सॉस्टॉपने पेटंटभंगाची तक्रार केली आणि २०१७ मध्ये त्या यंत्राच्या आयातीवर बंदी आली. बोटं वाचवण्याचा दुसरा, आणि वापरायला स्वस्त, मार्ग असा बंद झाला. त्याच वर्षी सॉस्टॉप एका जर्मन उद्योगसमूहाने विकत घेतली. नियम अमलात आला तर आपलं एक कळीचं पेटंट जनतेला खुलं करू, असं कंपनीने २०२४ मध्ये जाहीर केलं, तेव्हा पहिल्या अर्जाला वीस वर्षं उलटून गेली होती.

‘गरीब कारागिराला परवडणार नाही’ या युक्तिवादाची परीक्षा २०१० मध्ये बोस्टनच्या न्यायालयात झाली. लाकडी फरशी बसवणाऱ्या एका स्थलांतरित कामगाराचा हात दोनशे डॉलरांच्या आतल्या टेबल सॉने निकामी केला होता. त्याने कंपनीवर दावा लावला, की सुरक्षेचं तंत्र ठाऊक असूनही तुम्ही ते घेतलं नाही. ज्यूरीने ३५ टक्के दोष त्याच्यावरही ठेवला, आणि तरीही त्याला १५ लाख डॉलर मंजूर केले. अपिलातही तो निकाल टिकला. ज्या स्वस्त यंत्राच्या नावाने गरिबाची बाजू मांडली जात होती, त्याच यंत्राने एका गरिबाचा हात नेला होता.

असं असूनही, पुण्यातल्या किंवा कुडाळच्या एखाद्या कारखानदाराने कर्ज काढून परदेशी बोटरक्षक यंत्र मागवावं असं मी आज सांगणार नाही. अमेरिकी यंत्र तिथल्या १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झवर चालतं, आपल्याकडे २३० आणि ५०. युरोपसाठी बनवलेलं यंत्र विजेला जुळतं, पण मुख्य खर्च पुढे असतो. ब्रेक एकदा सुटला की ठोकळ्याचं काडतूस आणि बहुधा पातंही नवं घ्यावं लागतं. म्हणजे अमेरिकेत शंभर-दीडशे डॉलर, आपल्याकडे सुटे भाग येईपर्यंत काम बंद. दुसरं म्हणजे ओलं लाकूड. पाणी मुरलेल्या लाकडातून वीज वाहते, त्यामुळे फार ओलसर ओंडका किंवा पट्टीत राहिलेला खिळा यंत्राला बोटासारखा वाटू शकतो. अशा वेळी यंत्रणा किल्ली फिरवून बंद करता येते. आषाढात कोकणात फणसाचं किंवा आंब्याचं ताजं लाकूड चिरणारा माणूस दर वेळी ती किल्ली फिरवूनच यंत्र सुरू करील, आणि मग महाग यंत्र साध्या यंत्रासारखं चालेल. कोरडं प्लाय आणि एमडीएफ कापणाऱ्या, रोज नवशिके हेल्पर हाताळणाऱ्या मॉड्युलर फर्निचरच्या कारखान्याचा हिशेब वेगळा. तिथे एका मोठ्या अपघातात यंत्राची किंमत फिटते. तिथे मालकाने हा खर्च टाळू नये.

आणि एक गोष्ट हे ब्रेकवालं यंत्रही थांबवत नाही : तो मिस्त्रींचा झटका. पात्याचा पुढचा भाग लाकूड खाली दाबतो, पण मागचे दात खालून वर येत असतात. चिरलेल्या सागवानातला ताण सुटला की चीर मिटू लागते, मागचे दात चिमटीत सापडतात, आणि ते लाकूड उचलून चिरणाऱ्याच्या पोटावर किंवा तोंडावर फेकतात. ढकलणारा हात त्याबरोबर आत जातो. पातं लागण्याआधी अनेकदा झटका आलेला असतो. अशा वेगाने हात आत गेला तर ब्रेक असूनही जखम खोल होते.

झटक्यावरचा उपाय जुना आणि स्वस्त आहे. पात्याच्या मागे, त्याच रेषेत उभी केलेली पोलादी पट्टी, रायव्हिंग नाइफ. ती पात्याच्या चकतीपेक्षा जरा जाड आणि दातांनी पाडलेल्या चिरेपेक्षा जरा पातळ असते, त्यामुळे चीर मिटूच शकत नाही. चांगल्या यंत्रात ती पात्याबरोबर वर-खाली होते आणि तिच्यात आणि दातांत ३ ते ८ मिलिमीटरचंच अंतर राहतं. खाच पाडताना गार्ड काढावं लागतं, ही पट्टी मात्र पात्यापेक्षा खुजी ठेवता येत असल्याने जागेवर राहते. आपल्याकडच्या कारखाना नियमांत गोल करवतीमागे ही पट्टी, वर गार्ड आणि टेबलाखाली दोन्ही बाजूंनी आच्छादन असावं असं कधीचं लिहिलेलं आहे. पण १९४८ चा मूळ कारखाना कायदा विजेवर चालणाऱ्या, किमान दहा कामगारांच्या जागेला लागू होता, आणि २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत ती मर्यादा वीसवर नेली आहे. सातव्या मजल्यावरचा दिवाणखाना दोन्हींतून सुटतो. उलट्या मार्बल कटरला ही पट्टी बसवायची सोयच नाही. म्हणून त्यावर लाकूड चिरणं मला समर्थनीय वाटत नाही, कितीही कसबी हात असला तरी.

गार्डबद्दल भरपाई कायद्यातलं एक कलम प्रत्येक सुताराला आणि मालकाला माहीत असायला हवं. दिलेलं सुरक्षेचं साधन कामगाराने जाणूनबुजून काढलं आणि त्यामुळेच इजा झाली, तर मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व सोडता मालकाची भरपाईची जबाबदारी टळते. बोट जाणं हे अंशतः अपंगत्व. म्हणजे खिळ्याला लटकलेल्या त्या गार्डामुळे १४ टक्केही हातचे जाऊ शकतात. उलट, साईटवरच्या जुगाडाला गार्ड कधी दिलेलंच नसतं, त्यामुळे तिथे ठेकेदाराला ही पळवाट नाही. त्याच कायद्यात काम करवून घेणाऱ्या मुख्य व्यावसायिकावरही ठेकेदाराच्या माणसांची जबाबदारी टाकलेली आहे. इंटिरियरच्या मोठ्या फर्मांनी हे वाचावं.

चाळीस-साठ हजारांच्या यंत्रांत निवड करताना मी पैसे असे लावीन. पात्याबरोबर हलणारी रायव्हिंग नाइफ नसेल तर ते यंत्र भावात कितीही उतरलं तरी घेणार नाही. मग गाईड पट्टी : ती पात्याला समांतर आवळली जाते का, दोन्ही टोकांना टेप लावून मोजीन. ती मागे पात्याकडे वळलेली असेल तर झटका नक्की. मग स्विच. तो मांडीने किंवा गुडघ्याने ढकलून बंद करता आला पाहिजे, कारण दोन्ही हात लाकडावर असतात. वीज जाऊन परत आली तर यंत्र आपोआप सुरू होता कामा नये. आपल्याकडे, जिथे भारनियमनाची सवय आहे, तिथे याला फार महत्त्व आहे. मोटरच्या दोनशे वॉटसाठी जास्तीचे पैसे मी यानंतरच मोजीन. ढकलायची काठी तर विकत घ्यायचीच नाही. प्लायच्या तुकड्यातून टाचेची खाच कापली की झाली. आणि दुकानदाराला गार्ड खोक्यातून काढून बसवून दाखवायला लावीन. त्याला ते दोन मिनिटांत बसवता आलं नाही, तर कारखान्यात ते कधीच बसणार नाही.

प्लायचे मोठे तख्ते साईटवर कापायची गरजही पुष्कळदा नसते. प्लाय देणाऱ्या अनेक दुकानांत पॅनेल सॉ असतं. यादी दिली की मापात कापून मिळतं. त्याने साईटवरचं बरंचसं चिरकाम उरतच नाही.

आता पैसे. पन्नास हजारांचं यंत्र तीन वर्षं चाललं आणि वर्षाला तीनशे दिवस वापरलं, तर दिवसाला पडतात पंचावन्न-छप्पन रुपये. दोन बेडरूमच्या घराचं काम दीड महिना चालतं असं धरलं तर अडीच हजार. वर टेम्पोचे हजार-दीड हजार. स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्यांच्या हँडलांना याहून जास्त लागतात. हे पैसे मिस्त्रींच्या खिशातून जायचं काही कारण नाही. घरमालकाने इस्टिमेट मागतानाच सांगावं की टेबल सॉ ठेकेदाराचं, गार्डसकट. त्याचं भाडं वेगळ्या ओळीत लिहा आणि सोसायटीकडून लिफ्टची परवानगी मी आणतो. आणि कामाच्या पहिल्या दिवशी जाऊन पाहावं की स्विच मिस्त्रींच्या गुडघ्याशी आहे की भिंतीवर.